मुलाचा हात उठतो तेव्हा : गोळीच्या आधी, गोळी चालू असताना आणि बंद करताना

लाटणं माझ्या हातातून ओढून माझ्या मुलाने धाकट्या बहिणीच्या दिशेने भिरकावलं, तेव्हा पोळी तव्यावर होती. कारण काय, तर तिने त्याची पेन्सिल तासताना "जास्तच" तासली. धाकटीच्या भुवईवर तीन टाके पडले. तो तेव्हा नऊ वर्षांचा होता.

त्या रात्री नवरा म्हणाला, "उद्या डॉक्टर गाठू आणि गोळी सुरू करू." सासूबाई म्हणाल्या, "गोळ्या दिल्यास तर पोर कायमचं मठ्ठ होईल, सांगून ठेवते." मी मध्ये उभी राहून दोघांवर ओरडले. गोळी द्यायची की नाही, यावर आमचं घर पुढे कित्येक महिने भांडलं. पण गोळी नेमकी कशासाठी, किती दिवस आणि तिचा उपयोग झाला हे कशावरून ठरवायचं, हे कुणीच विचारलं नाही. परिणाम असा की पहिल्यांदा आम्ही दहा मिनिटांच्या एका भेटीत गोळी सुरू केली. पोरगा वर्गात झोपायला लागला म्हणून तीन आठवड्यांत आपल्याच मनाने बंद केली आणि 'औषधांनी काही होत नाही' असं ठरवून मोकळे झालो. नीट सुरुवात व्हायला त्यानंतर दीड वर्ष गेलं.

मी डॉक्टर नाही. ऐरोलीत राहते, नोकरीसाठी रोज ट्रान्स-हार्बर लोकलने ठाण्याला जाते. खाली लिहिलंय ते त्या दीड वर्षात आणि नंतर शिकलेलं आहे. औषधाचं नाव आणि डोस तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा, पण त्यांच्यासमोर बसण्याआधीचं आणि नंतरचं बरंचसं काम आपलं असतं.

आज रात्रीचीच भीती वाटत असेल तर

काही घरांत पुढचं सगळं वाचायलाही उसंत नसते. मूल सुरी हातात घेतंय, धाकट्याचा गळा धरतंय, खिडकीत चढतंय, "मला जगायचंच नाही" म्हणतंय, तर थेट मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. कालपर्यंत बरं असलेलं मूल एकाएकी बरळू लागलं, आईबापांना ओळखेना, सोबत ताप, फिट किंवा डोक्याला मार असेल, तरीही कॅज्युअल्टीच. हा मेंदूचा किंवा अंगातला आजार असू शकतो, त्यात समुपदेशनाची वाट बघायची नाही. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२. रात्री कुणाशी तरी बोलून ठरवायचं असेल तर टेली-मानस १४४१६. ही सरकारी सेवा २०२२ च्या ऑक्टोबरपासून चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं.

भडका उडालेला असताना शिकवण देऊ नका. आम्ही ती चूक शेकडो वेळा केली. धाकट्या भावंडाला दुसऱ्या खोलीत न्या, आवाज खाली, शब्द कमी. मुलाला पालथं पाडून पाठीवर बसणं हे कधीही करायचं नाही, त्यात श्वास कोंडतो. बाल्कनीला कुलूप, सुऱ्या वरच्या कपाटात. आमच्याकडे लाटणंही वर गेलं, आणि सहा महिने पोळ्या करताना मी रोज स्टूल ओढत होते.

शंभरपानी वही

दुसऱ्या वेळी ज्या बालमनोविकारतज्ज्ञांकडे गेलो, त्यांनी पहिल्या भेटीत गोळी लिहिलीच नाही. म्हणाल्या, "आई, तुम्ही 'सारखा मारतो' म्हणताय. सारखा म्हणजे आठवड्यात किती वेळा?" मला उत्तर देता येईना. नवरा म्हणाला रोज, मी म्हणाले तीन-चारदा. "तीन आठवडे लिहून काढा, मग या."

एक साधी शंभरपानी वही घ्या आणि रकाने आखा. दिवस आणि वेळ. त्याआधीच्या अर्ध्या तासात काय चाललं होतं. त्याने नेमकं काय केलं. किती मिनिटं चाललं. त्यानंतर त्याला काय मिळालं किंवा काय टळलं. आदल्या रात्री झोप किती. तीव्रतेला आकडा द्या: ओरडणं, शिव्या म्हणजे १, वस्तू फेकणं, तोडणं म्हणजे २, कुणाच्या अंगावर जाणं किंवा स्वतःला मारून घेणं म्हणजे ३.

'काय केलं' या रकान्यात फक्त क्रियापद हवं. "राक्षसासारखा वागला" ही नोंद नव्हे. "दप्तर टीव्हीवर फेकलं, मग बाबांच्या दंडाला चावला" ही नोंद. घरात दोन-तीन माणसं सांभाळत असतील तर सगळ्यांनी एकाच वहीत लिहावं. सासूबाईंनी सुरुवातीला नकार दिला. मग एक दिवस त्यांच्याच अक्षरात आढळलं: 'चहा देत होते. कप उडवला. मी त्याला नालायक म्हटलं त्यानंतर.' शेवटचं वाक्य त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं, याचं मला आजही कौतुक आहे.

आमच्या वहीत तीन आठवड्यांत २३ नोंदी झाल्या. त्यातल्या १४ संध्याकाळी पाच ते साडेसहा या वेळेतल्या. शाळेत डबा साडेअकराला, बस घरी यायची सव्वापाचला आणि सहाला ट्यूशन. सहा तास पोट रिकामं, अर्धा तास बसमधला कल्ला, आणि दारातून आत येता येता मी विचारायचे, "होमवर्क काय आहे आज?" हे कोणत्याही गोळीने सुटलं नसतं. दप्तराच्या बाजूच्या कप्प्यात राजगिऱ्याची चिक्की ठेवली, ट्यूशन सातला ढकलली, पहिला अर्धा तास प्रश्न विचारणं बंद केलं. नोंदी निम्म्यावर आल्या. पण संपल्या नाहीत, आणि ३ आकड्याच्या नोंदी तर जवळपास तेवढ्याच राहिल्या. औषधाचा विचार करायला जागा आहे हे आम्हाला त्यावरून समजलं.

दुसऱ्या एका रकान्याने माझेच कान गरम केले. 'नंतर काय टळलं' यात नऊ वेळा एकच शब्द होता: ट्यूशन.

आधी अंग, मग मन

मनोविकारतज्ज्ञांच्या आधी, निदान त्यांच्यासोबत, बालरोगतज्ज्ञांकडून एकदा पूर्ण तपासणी करून घ्या. ज्या मुलाला नीट बोलता येत नाही, त्याचा किडलेला दात, कानाचं दुखणं, आठवडाभराचं बद्धकोष्ठ हाताने आणि दातांनी बाहेर बोलतो. रात्री तोंड उघडं टाकून घोरणारं मूल टॉन्सिल किंवा नाकामागच्या अ‍ॅडिनॉइडमुळे रात्रभर तुटक झोपत असेल, तर दिवसा चिडकं असणारच. ऐकू कमी येतं का, रक्त कमी आहे का, थायरॉईड, क्षणभर टक लावून 'हरवणं' म्हणजे फिटचा प्रकार तर नाही ना, हे सगळं विचारलं जायला हवं.

आणि घरात आधीपासून चालू असलेल्या औषधांची यादी न्या. हे बहुतेक पालक विसरतात. अ‍ॅलर्जी-दम्यासाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या माँटेलुकास्टवर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये सर्वांत ठळक इशारा छापायला लावला, कारण त्याने काहींमध्ये चिडचिड, आक्रमकता, वाईट स्वप्नं, आत्महत्येचे विचार दिसले होते. फिटसाठीच्या लेव्हेटिरासिटामनेही काही मुलं भयंकर चिडतात. स्टिरॉइड, सर्दीची काही सिरपं, झोपेसाठी दिलेल्या काही गोळ्या यांनीही मूल शांत व्हायच्या ऐवजी पेटू शकतं. फिटचं औषध मात्र आपल्या मनाने एक दिवसही बंद करायचं नाही, लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोलायचं. आमच्याकडे माँटेलुकास्ट दर पावसाळ्यात चालायचं. डॉक्टरांना विचारून दोन महिने थांबवून पाहिलं, काडीचा फरक पडला नाही. निदान एक शंका मिटली.

कुणाकडे जायचं

समुपदेशक आणि मानसशास्त्रज्ञ बोलतात, चाचण्या घेतात, पालकांना शिकवतात. औषध लिहिणारा मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे आधी एमबीबीएस आणि मग मानसोपचारात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर. त्यातही मुलांसोबत काम करण्याचा अनुभव असलेला मिळाला तर उत्तम. विकासाच्या अडचणी असतील, स्वमग्नता म्हणजे ऑटिझम असेल, तर मुलांच्या वाढीचे खास बालरोगतज्ज्ञ किंवा मेंदूचे बालतज्ज्ञही लागतात.

मुंबईत अजूनही "याला ठाण्याला पाठवा" म्हटलं की माणसं हसतात. ते ठाणे म्हणजे १९०१ पासूनचं प्रादेशिक मनोरुग्णालय. आम्हा ठाणे-ऐरोलीवाल्यांना त्या विनोदाचा जरा जास्तच त्रास होतो, आणि त्याच विनोदापायी कित्येक घरं तिथल्या बाह्यरुग्ण विभागाची पायरीही चढत नाहीत. खर्च परवडत नसेल तर ते, कळव्याचं महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, नेरुळ आणि कामोठ्याची मेडिकल कॉलेजं, किंवा मुंबईतल्या सायन, केईएम, नायर या महापालिका रुग्णालयांच्या मनोविकार विभागांत विचारा. वाचन-लेखनाची अडचण वाटत असेल तर सायनच्या रुग्णालयाचं नाव शाळाही सांगतात. डॉ. आनंद नाडकर्णींनी उभी केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठीची संस्था १९९० पासून ठाण्यात आहे. सरकारी ठिकाणी रांग असते, अर्धा दिवस धरूनच जा. मुलासाठी खाऊ आणि एक खेळणं न्या, नाहीतर भडक्याचं प्रात्यक्षिक केसपेपर काढतानाच होतं.

सोबत न्यायचं: वही, शाळेचे शेरे, आधीचे रिपोर्ट, चालू औषधं, आणि फोनमधला एखादा व्हिडिओ. व्हिडिओ फक्त डॉक्टरांसाठी. कुटुंबाच्या ग्रुपवर तो टाकलात तर पोराला ते आयुष्यभर पुरेल.

रागाला गोळी नसते

हे वाक्य आमच्या डॉक्टरांचं. राग कुठून येतो त्याचं नाव आधी शोधायचं. एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अति चंचलपणा, असलेल्या मुलाचा हात विचाराच्या आधी पोचतो. ऑटिझममध्ये बदललेला रस्ता, मिक्सरचा आवाज, सांगता न येणारं दुखणं भडका उडवतं. वाचता न येणारं मूल फळ्यासमोर उभं राहण्याऐवजी बाकाला लाथ मारून वर्गाबाहेर जाणं पसंत करतं. भेदरलेलं मूल कोपऱ्यात सापडलं की चावतं. मुलांमधलं नैराश्य रडण्यापेक्षा चिडण्यातून जास्त दिसतं. बसमध्ये किंवा वर्गात कुणी छळत असेल, कुणी नको तिथे हात लावत असेल, तर पोर घरी येऊन घरच्यांना मारतं. तशी शंका आली तर आधी मुलाची सुरक्षा. बालकांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहे, आणि मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२ चा आहे.

आणखी एक फरक वहीतून समजतो. भडकून, लाल होऊन, नंतर रडणारी मारामारी वेगळी. थंड डोक्याने, काही मिळवण्यासाठी, मोठ्यांची पाठ फिरल्यावर केलेली वेगळी. पहिल्या प्रकारात औषधाचा आधार मिळू शकतो, दुसऱ्यात औषध फारसं काही करत नाही.

आमच्या लेकाचं निदान एडीएचडी आणि सोबत डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखनाची अडचण. पहिल्या गोळीचा दोष गोळीत नव्हता. निदानच झालं नव्हतं.

औषधाआधीचं काम, जे नंतरही संपत नाही

अमेरिकेत २०१२ मध्ये टी-मे नावाने मुलांच्या आक्रमकतेवर तज्ज्ञांची मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यांचा क्रम असा: आधी नीट तपासणी, मग पालकांसोबतचं आणि मुलासोबतचं काम, मग मूळ आजाराचं औषध, आणि तरीही आक्रमकता उरली तरच तिच्यासाठी वेगळं औषध. तेही एका वेळी एक.

पालकांसोबतचं काम म्हणजे उपदेश ऐकणं नव्हे. आम्ही दहा शनिवार गेलो. सूचना एका वेळी एक आणि छोटी द्यायची. "आवर आता" म्हणजे काय ते त्याला समजत नाही, "बूट कपाटात ठेव" समजतं. चांगलं वागला की लगेच नाव घेऊन सांगायचं: "रिमोट खाली ठेवलास, फेकला नाहीस, पाहिलं मी." किरकोळ आदळआपट न पाहिल्यासारखी करायची, अंगावर येणं मात्र दर वेळी त्याच छोट्या परिणामाने थांबवायचं. आणि भडका झाला तरी ट्यूशन पंधरा मिनिटं का होईना होणारच, हे ठरवायचं. पहिले दहा दिवस सगळं आणखी बिघडतं. हे आधी माहीत असेल तर माणूस टिकतो.

घरात मोठ्यांचा हात उठत असेल तर तो आधी थांबवा. आमच्याकडे तो नवऱ्याचा नव्हता, माझा होता.

औषधांचे प्रकार, सामान्य माणसाच्या भाषेत

एडीएचडीसाठी मिथाइलफेनिडेट. तासाभरात असर, काही तासांत उतरतं. भूक मरते, संध्याकाळी दिलं तर झोप उडते, नाडी-रक्तदाब पाहावा लागतो. घरात कमी वयात हृदयाचा आजार किंवा अचानक मृत्यू झाला असेल तर तो आवर्जून सांगायचा. हे औषध कडक नियमांखाली विकलं जातं, प्रत्येक केमिस्ट ठेवत नाही. ठेवणारं दुकान गोळ्या संपायच्या आठवडाभर आधीच शोधून ठेवा. त्याच आजारासाठीचं अ‍ॅटोमॉक्सेटिन हळू चालतं, पूर्ण असर दिसायला काही आठवडे जातात. क्लोनिडिन, ग्वानफासिन हीसुद्धा वापरली जातात. ती एकदम बंद केली तर रक्तदाब उसळतो.

चिंता किंवा नैराश्य मुळाशी असेल तर फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिनसारखी औषधं. सुरुवातीच्या आठवड्यांत आणि डोस बदलताना मूल जास्त बेचैन होतंय का, मरण्याच्या गोष्टी करतंय का, याकडे डोळ्यांत तेल घालून पाहायचं.

आणि मग ज्यांची सगळ्यांना भीती असते ती, रिस्पेरिडोन आणि अ‍ॅरिपिप्राझोल. ऑटिझममधल्या तीव्र चिडचिडीसाठी अमेरिकेत रिस्पेरिडोनला २००६ मध्ये, पाच ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी मान्यता मिळाली, अ‍ॅरिपिप्राझोलला २००९ मध्ये. युरोपात रिस्पेरिडोन बुद्ध्यांक कमी असलेल्या मुलांच्या सततच्या आक्रमकतेसाठी मान्य आहे, पण सहा आठवड्यांपर्यंतच, आणि बाकीच्या उपायांसोबत. बाकी बऱ्याच मुलांना ती डॉक्टरांच्या अनुभवावर, मान्यतेच्या चौकटीबाहेर दिली जातात. ते बेकायदा नाही, पण विचारायचा हक्क आपल्याला आहे. काम करतात तेव्हा ही औषधं खरंच काम करतात. किंमतही घेतात: भूक प्रचंड वाढते, वजन, साखर, चरबी वाढते, झोप येते. रिस्पेरिडोनने प्रोलॅक्टिन हे संप्रेरक (हार्मोन) वाढून मुलग्यांनाही छातीला सूज येऊ शकते, मुलींची पाळी थांबू शकते.

व्हॅल्प्रोएट, लिथियम ही मनाचे चढउतार आवरणारी औषधं त्यापुढची पायरी. रक्ताच्या तपासण्या सोबत येतात, आणि वयात आलेल्या मुलीला व्हॅल्प्रोएट सुचवलं तर गर्भावरच्या दुष्परिणामांबद्दल स्पष्ट बोला.

सही करण्याआधी विचारायचं

मी हे प्रश्न वहीच्या मागच्या पानावर लिहून नेले होते, कारण समोर बसल्यावर तोंडाला कुलूप लागतं. निदान काय आणि हे औषध निदानासाठी आहे की फक्त रागासाठी? वहीतला कोणता आकडा, किती दिवसांत, कितीवर यायला हवा? न आल्यास पुढे काय? कोणत्या त्रासासाठी फोन करायचा आणि कोणत्या नंबरवर? तपासण्या कोणत्या आणि कधी? आणि बंद करायचा विचार कधी करणार?

चांगला डॉक्टर शेवटच्या प्रश्नाने चिडत नाही. चिडला तर दुसरं मत घ्या. 'मला थोडा वेळ द्या' म्हणणं हा अपमान नव्हे.

रिस्पेरिडोन-अ‍ॅरिपिप्राझोल सुरू होण्याआधी वजन, उंची, कमरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटी साखर आणि लिपिड (रक्तातली चरबी) मोजून घ्या. सुरुवातीला वजन दर महिन्याला, रक्त पुन्हा तीन महिन्यांनी. सुरुवातीचा आकडाच नसेल तर नंतर कशाशी ताडून पाहणार?

पहिले सहा आठवडे

सुरुवात शाळेच्या आठवड्याच्या मधोमध नको, शक्यतो शनिवारी. पहिले दोन दिवस घरात नजरेसमोर जातात. परीक्षा, लग्न, गणपतीला गावी जाणं यांच्या तोंडावर तर नकोच. त्याच महिन्यात ट्यूशन बदलणं, नवी थेरपी असं दुसरं काही सुरू करू नका, नाहीतर कशाने काय झालं ते समजत नाही.

डबी मोठ्यांच्या ताब्यात. एकच माणूस देणार, दिल्यावर वहीत टिक. आमच्याकडे एकदा मी आणि सासूबाई दोघींनी दिली. डोस विसरला तर पुढच्या वेळी दुप्पट द्यायचा नाही. दिवसभर हळूहळू सुटणाऱ्या गोळ्या फोडायच्या, कुटायच्या नसतात. रिस्पेरिडोनचं सिरप चहात किंवा कोलात मिसळायचं नाही, त्याने औषध बिघडतं. पाण्यात चालतं. आपल्याकडे मुलांना सर्रास चहा देतात म्हणून मुद्दाम लिहिलं.

लेकाला मिथाइलफेनिडेट सुरू झालं तेव्हा चौथ्याच दिवशी बाईंनी डायरीत लिहिलं, "आज पूर्ण तास बसला." मी ते पान मोबाइलवर नवऱ्याला पाठवलं. आणि त्याच आठवड्यात वहीत संध्याकाळच्या नोंदी पुन्हा चढल्या. साडेपाच वाजता तसाच थयथयाट, जुन्यापेक्षा जोरात. आम्ही म्हटलं, उलटलं औषध. डॉक्टरांनी वही पाहिली आणि विचारलं, "डबा संपतो का?" डबा उघडून पाहिला तर पोळीभाजी जशीच्या तशी. दुपारी औषधाने भूक मारली होती, संध्याकाळी औषध उतरत होतं आणि पोटात काहीच नव्हतं. गोळी बदलून जास्त वेळ चालणारी दिली, सकाळचा नाश्ता गोळीच्या आधी भरपेट, संध्याकाळी घरात पाऊल टाकताच उपमा. वही नसती तर आम्ही दुसऱ्यांदा तोच शहाणपणा केला असता.

चार महिन्यांनी ३ आकड्याच्या नोंदी आठवड्याला एक-दोन उरल्याच. धाकटी त्याच्या खोलीत जायला घाबरायची. तेव्हा रिस्पेरिडोन आलं, रात्रीच्या वेळी, अगदी कमी डोसमध्ये. सहा आठवड्यांत महिन्याला एक. आणि तीन महिन्यांत वजन चार किलो. जेवून उठल्यावर अर्ध्या तासात तो पुन्हा डब्यांची झाकणं उघडायचा. फरसाण आणि बिस्किटं घरात आणणंच बंद केलं, सगळ्यांसाठी. एकट्याला नाही म्हणणं म्हणजे नव्या भांडणाला निमंत्रण.

काही लक्षणं दिसली तर पुढच्या भेटीची वाट बघायची नाही. मान किंवा जबडा वाकडा होणं, डोळे वर फिरून अडकणं: कॅज्युअल्टी, तिथल्या औषधाने लवकर उतरतं. जोराचा ताप आणि अंग ताठ: ताबडतोब. चक्कर येऊन पडणं, छातीत दुखणं, मरणाची भाषा: ताबडतोब. आणखी एक फसवं लक्षण आहे. मूल बसू शकत नाही, सारखं येरझाऱ्या घालतं, आणि पाहणाऱ्याला वाटतं राग वाढला, डोस वाढवा. ती औषधानेच आलेली बेचैनी असू शकते. त्यात डोस वाढवणं उलटं पडतं.

त्याला काय सांगायचं, लोकांना काय

मुलाला खोटं सांगू नका. "ताकदीची गोळी आहे" असं सासूबाई म्हणायच्या. एक दिवस त्याने खोक्यावरचं नाव स्वतः अक्षर जुळवून वाचलं, आणि वाचता आल्याचा आनंद आणि फसवल्याचा राग दोन्ही एकाच वेळी झाले. मग मी सांगितलं, "तुझ्या डोक्यातला ब्रेक उशिरा लागतो. ही गोळी ब्रेकला तेल घालते. गाडी तूच चालवतोस." त्याने विचारलं, "मग मी मारलं तर गोळीची चूक का?" नाही म्हटलं.

शाळेत वर्गशिक्षिका आणि समुपदेशक, बस्स. निदान, औषधाची वेळ आणि काय दिसलं तर फोन करायचा, एवढं एका कागदावर. "आज गोळी नाही घेतली का?" असं चारचौघांत विचारायचं नाही, हेही त्यावर लिहा. डिस्लेक्सियाचं प्रमाणपत्र असेल तर सवलती मागा, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता आहे. सोसायटीत काही सांगायची गरज नाही. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, "उपचार चालू आहेत, काकू, आवाज आला तर बेल वाजवू नका, मला मेसेज करा." त्या तसंच करतात.

भरती करायची वेळ आलीच, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे अल्पवयीन मुलाला मोठ्या रुग्णांपासून वेगळं ठेवावं लागतं आणि पालक किंवा त्यांनी नेमलेलं माणूस पूर्ण वेळ सोबत राहतं. "तुम्ही घरी जा, आम्ही बघतो" हे मुलांच्या बाबतीत चालत नाही.

बंद करणं

औषध सुरू करण्यापेक्षा थांबवताना जास्त शिस्त लागते, आणि याबद्दल कुणी बोलत नाही. बरं चाललंय म्हणून सोमवारी गोळी बंद, असं नाही. डॉक्टर डोस पायरीपायरीने उतरवतात, आणि तेव्हा वही पुन्हा उघडायची, जी बरं चालू असताना हमखास बंद पडलेली असते. दर सहा महिन्यांनी तरी "अजून लागतंय का?" हा प्रश्न आपण विचारायचा. शांत मुलाची फाइल लवकर मिटली जाते, आणि गोळी वर्षानुवर्षं चालू राहते.

आम्ही पहिल्यांदा रिस्पेरिडोन उतरवायला घेतलं ते जूनमध्ये, नवी इयत्ता, नवे शिक्षक, तुंबलेले रस्ते आणि तासभर उशिरा येणारी बस. तीन आठवड्यांत नोंदी चढल्या आणि जुन्या डोसवर परत गेलो. डॉक्टर म्हणाल्या, "वेळ चुकली, निर्णय नाही." दुसऱ्यांदा दिवाळीच्या सुट्टीत सुरुवात केली. पाव गोळी, मग दोन आठवडे थांबायचं, मग आणखी पाव. पाव तुकडे करायला केमिस्टकडून गोळी कापायचं छोटं यंत्र आणलं, सुरीने भुगा होतो. जानेवारीत शेवटचा तुकडा संपला. वजन पुढच्या वर्षभरात उंचीत मुरलं.

आता तो चौदाचा आहे. मिथाइलफेनिडेट शाळेच्या दिवसांत चालू आहे, मे महिन्यात त्याच्या संमतीने थांबवून पाहतो. मागच्या महिन्यात वहीत एक नोंद झाली, आकडा २, चार्जर भिंतीवर फेकला. 'आधी काय चाललं होतं' हा रकाना आता तोच भरतो. लिहिलं होतं: 'आई तीन वेळा एकच गोष्ट बोलली.'